शेऱ्याचा रकाना

तालुक्याहून नमुना आलाय.
विज्ञान, तंत्रज्ञान, निसर्ग : अलीकडची पुस्तकं,
वाचनालयानं शिफारस करावीत, जास्तीत जास्त पाच.
रकाने चार. शेवटचा शेऱ्याचा,
दीड बोट रुंद.

चिचटोल्याचं वाचनालय म्हणजे
सोसायटीच्या धान-गोदामामागची खोली.
इथं कुठलंही पुस्तक उघडा, आधी कोंडा उडतो,
मग मजकूर दिसतो.

पहिलं लिहितो बॅटऱ्यांचं.
जाड आहे. आत नकाशे,
मिठाची वाळवंटं, खाणी, बंदरं.
हंसराज फुलझेले, वायरमन,
सबस्टेशनवर रात्रपाळीला घेऊन जायचा.
पान एकशे बारावर ग्रीसचा अंगठा आहे त्याचा.
परत देताना म्हणाला,
“आपल्या हाती येते ते शेवटचं टोक असते जी.
वायर कुठून निघाली
थे मले आता समजलं.”
अंगठा मी पुसला नाही.

दुसरं बुरशीचं.
जमिनीखाली झाडाला झाड
धाग्यांनी बांधलेलं असतं म्हणतात.
त्यातलं किती खरं, किती अजून भांडणात,
हे लेखिकेनं शेवटच्या प्रकरणात
न लाजता सांगितलंय,
म्हणून शिफारस.
चेतना कोडापेनं (बारावी विज्ञान) ते वाचून
कोणत्या वारुळावर कधी सात्या उगवतात
याची वही घातली.
वारुळं मोजली : एकोणचाळीस.
वारुळांची जागा मात्र वहीत नाही.
“सांगतली तर लोक सात्या ठेवतीन का, सर?”

त्याच पुस्तकात वाचलं
की वाळवी बुरशीची शेती करते.
गेल्या पावसात माझ्या रजिस्टरला वाळवी लागली,
ती नेमकी ‘परत आले’ या रकान्याला.
तेव्हा रॉकेल शिंपडलं होतं.
आता वाटतं, निदान विचारायचं होतं
पीक काय घेतलंस.

तिसऱ्याशी अडलोय.

तिसरं तळ्यांचं.
रंगीत छायाचित्रं, गुळगुळीत कागद,
वर्षभराची वर्गणी एका प्रतीत गेली.
ते नेलं शेवंता वलथरेनं.
ढिवर सोसायटीची सचिव, शाळा चौथीपर्यंत,
ओळीखाली बोट ठेवून वाचते,
आणि दुसऱ्या हातात, हे मला माहीत नव्हतं,
पेन्सिल.

पान एकेचाळीस, माशाच्या चित्राशेजारी :
हा मरळ नोहे. डोक होय.
पान अठ्ठ्याऐंशी, जिथं लेखक म्हणतो
बेशरम मुळासकट उपटावी :
उपटली. मंग काय लावाचं थे लिवलं नाई.
आणि खाली, अक्षर बारीक करत करत,
समासात मावेल तेवढं :
चिला, गाद, देवधान. पानी उतरलं का लावाचं.
काठावर नाई, चिखलात. पाय रुतला पायजे.
शेवटच्या कोऱ्या पानावर :
पुस्तक चांगलं हाय.
लिवनाऱ्याले एक डाव मे महिन्यात बलवा.

नियम आठ : पुस्तकात लिहिल्यास दंड पाच रुपये.
मी पावती फाडली.
तिनं पाच रुपये दिले, नवं नाणं, ओलं.
दुसऱ्या दिवशी सिलेझरीचा एक पोरगा
सायकलनं अकरा किलोमीटर आला.
“थे लिवलेलं पुस्तक आहे का?”
सगळीच लिहिलेली असतात, म्हटलं.
“नाही, पेन्सिलीनं.”

आता तिघं रांगेत आहेत.
पाच रुपयांची पावती
माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे,
हिशेबात कुठं दाखवावी कळत नाही.

नमुन्यात लिहिलं : तलावांविषयी. पृष्ठे दोनशे सोळा.
शेरा : प्रत खराब झाली आहे.
शक्यतो हीच प्रत वाचावी.
दीड बोटात बसलं.

चौथं, पाचवं ठरायचंय.
पडताळणीला साहेब आले, तर
तिसरं दाखवायला कपाटात नाही.
शेवंतानं पुन्हा नेलंय.
मुदत संपून बारा दिवस झाले.
बांधावर भेटली तेव्हा
कमरेएवढ्या पाण्यातूनच ओरडली,
“पानी उतरू द्या ना जी,
मंग आनतो.”